काराबाख रिकामं झालं म्हणून तिथल्या माणसांचे हक्क संपत नाहीत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. आझरबैजानच्या हद्दीतल्या, पण बहुसंख्य आर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाख या डोंगराळ भागात १० डिसेंबर १९९१ ला सार्वमत झालं आणि पडलेली जवळजवळ सगळी मतं स्वातंत्र्याच्या बाजूने गेली. लोकांना स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच लिहिलेला आहे. तरीही पुढच्या बत्तीस वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने, अगदी आर्मेनियानेसुद्धा, या प्रजासत्ताकाला मान्यता दिली नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसं आठवडाभरात घरदार सोडून निघून गेली. मग स्वयंनिर्णयाचा हक्क खरंच असतो का, आणि आता तिथे माणसंच उरली नाहीत तर वाद मिटला असं समजायचं का, हे तुम्ही विचारलंत.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत: हा मुलूख कोणाचा, आणि तिथल्या माणसांना काय मिळायला हवं. मी आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा शिकवते आणि विस्थापितांच्या घरांची, कागदपत्रांची प्रकरणं वकील म्हणून हाताळत आले आहे. असं प्रकरण हाती आलं की हे दोन प्रश्न मी पहिल्याच दिवशी वेगळे काढते. पहिल्याचा निकाल बहुतेक वेळा सैन्य आणि राजकारण लावतं. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नसतं, नसावं. काराबाखच्या बाबतीत मात्र तीस वर्षं सगळ्यांनी दुसरा प्रश्न पहिल्याच्या दावणीला बांधून ठेवला. तिथली बरीचशी हानी यातूनच झाली, असं माझं ठाम मत आहे.

आधी मुलखाचा प्रश्न. जुलै १९२१ मध्ये बोल्शेविक पक्षाच्या कॉकेशस विभागाने हा डोंगराळ भाग सोव्हिएत आझरबैजानमध्येच ठेवायचं ठरवलं आणि १९२३ मध्ये तिथे स्वायत्त प्रांत स्थापन झाला. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. १९८९ च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख ८९ हजारांच्या आसपास होती. त्यात तीन चतुर्थांशांहून थोडे अधिक आर्मेनियन आणि साधारण एक पंचमांश आझरी, म्हणजे आझरबैजानी. २० फेब्रुवारी १९८८ ला प्रांताच्या सोव्हिएतने, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी परिषदेने, आर्मेनियात सामील करण्याची मागणी केली. आठवडाभरात आझरबैजानची राजधानी बाकूजवळच्या सुमगाइतमध्ये आर्मेनियनांची कत्तल झाली. जानेवारी १९९० मध्ये बाकूतही तेच घडलं. १९९१ च्या वसंतात सोव्हिएत आणि आझरी दलांनी ‘ऑपरेशन रिंग’ नावाची मोहीम काढून गेताशेन आणि शाहुम्यान भागातली आर्मेनियन गावं रिकामी केली. २६ नोव्हेंबर १९९१ ला आझरबैजानने प्रांताची स्वायत्तता रद्द केली आणि दोनच आठवड्यांत ते सार्वमत झालं. आझरी रहिवाशांनी त्यावर बहिष्कार घातला होता.

आर्मेनियन बाजूचा कायदेशीर मुद्दा पोकळ नव्हता. ३ एप्रिल १९९० च्या सोव्हिएत कायद्यानुसार एखादं प्रजासत्ताक संघातून बाहेर पडत असेल तर त्यातल्या स्वायत्त भागाला आपला निर्णय स्वतंत्रपणे घेता येत होता. आझरबैजानचं म्हणणं असं, की आम्ही त्या कायद्याने बाहेर पडलोच नाही, संघच मोडला. आणि संघ मोडला तेव्हा जुन्या प्रजासत्ताकांच्या सीमा त्याच आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या. जगाने हे दुसरं म्हणणं उचललं. युगोस्लाव्हियाच्या वेळीही हेच तत्त्व लावलं गेलं होतं.

जगाने असं का केलं, हे नीट समजून घ्या. १९६६ च्या दोन्ही मानवाधिकार करारांचं पहिलंच कलम म्हणतं, की स्वयंनिर्णयाचा हक्क ‘सर्व लोकांना’ आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ निश्चित झाला तो वसाहतींच्या संदर्भात. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या: १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातल्या ज्या प्रदेशांना परावलंबी म्हटलं, त्या यादीत गोवा होता. समुद्रापलीकडून आलेली सत्ता आणि वेगळा मुलूख, इथे कायदा स्पष्ट बोलतो. देशाच्या आत राहणाऱ्या समूहाने वेगळं व्हायचं म्हटलं की तोच कायदा आवाज खाली आणतो. आपला भारतही यात मागे नाही. १९७९ मध्ये हे करार स्वीकारताना भारताने लेखी नोंदवलं, की हे कलम फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांना लागू आहे, सार्वभौम देशांना किंवा देशातल्या एखाद्या गटाला नाही. जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी त्यावर आक्षेप घेतले, पण मनातून बहुतेक सरकारं भारतासारखाच विचार करतात.

मग वसाहत नसलेल्या समूहाच्या हाती काय उरतं? अंतर्गत स्वयंनिर्णय: स्वतःची भाषा, शाळा, स्थानिक सत्ता, देशाच्या कारभारात खरा सहभाग. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल हे याचं चांगलं उदाहरण आहे. भारत सोडायचा की नाही हा तिथे प्रश्नच नव्हता. भारतात राहून महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, एवढंच लोकांनी ठरवलं, आणि ते पाळलं गेलं.

आणि हा अंतर्गत मार्गही बंद केला, वर कत्तली झाल्या, तर? इथे ‘उपाय म्हणून विभक्त होणं’ हा युक्तिवाद येतो. १९२१ मध्ये फिनलंड आणि स्वीडन यांच्यातल्या ऑलंड बेटांच्या वादात राष्ट्रसंघाच्या अहवालाने या शक्यतेला अपवाद म्हणून जागा ठेवली. १९७० च्या मैत्रीपूर्ण संबंधांवरच्या घोषणेतही तिची सावली दिसते: जे सरकार भेदभाव न करता सर्वांचं प्रतिनिधित्व करतं, त्याच्या अखंडतेला संरक्षण. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकबद्दल मत देताना ही शक्यता मांडली, पण तो स्थिर झालेला नियम आहे की नाही हे मोकळंच ठेवलं. सर्बियापासून वेगळं झाल्याचं जाहीर करणाऱ्या कोसोव्होबाबत २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, स्वातंत्र्याची घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नव्हती, एवढंच सांगितलं. विभक्त होण्याच्या हक्कात ते शिरलं नाही.

माझं मत विचाराल तर, १९९१ च्या अखेरीस काराबाखच्या आर्मेनियनांचा हा युक्तिवाद बराच जोरकस होता. सुमगाइत, बाकू, रिकामी केलेली गावं, रद्द झालेली स्वायत्तता, एवढं सगळं पाठीशी असताना ‘आम्हाला इथे राहून सुरक्षितता नाही’ हे म्हणणं कोणालाही पटावं. पुढच्या दोन वर्षांत तो ढासळला. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजालीतून पळणाऱ्या शेकडो आझरी नागरिकांना ठार मारलं गेलं. १९९३ अखेरपर्यंत आर्मेनियन सैन्याने मूळ प्रांताबाहेरचे लाचिन, केल्बाजार, अग्दाम, फिझुली, जब्राईल, कुबाद्ली आणि झांगिलान हे जिल्हे पूर्ण किंवा बहुतांश ताब्यात घेतले. तिथल्या लाखो आझरी आणि कुर्द लोकांना पळावं लागलं. अग्दामसारखं शहर अवशेष होऊन राहिलं. सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये चार ठराव करून माघारीची मागणी केली. स्वतःच्या रक्षणासाठी मागितलेला हक्क दुसऱ्याला त्याच्या घरातून हुसकून लावून उभा राहत नाही, आणि जगाला मान्यता न देण्यासाठी सबळ कारण मिळालं.

मुलखाचा प्रश्न इथे सोडते, कारण तो निकालात निघाल्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रागमध्ये आर्मेनिया आणि आझरबैजान यांनी जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांनी एकमेकांच्या सीमा मानणाऱ्या १९९१ च्या अल्मा-अता जाहीरनाम्याच्या आधारे एकमेकांची प्रादेशिक अखंडता मान्य केली, आणि पुढच्या मे महिन्यात आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांनी आझरबैजानच्या ८६,६०० चौरस किलोमीटरमध्ये काराबाख धरलं आहे हे उघड सांगितलं.

आता माणसांचा प्रश्न. याच्यासाठी १६ जून २०१५ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने दोन निकाल दिले. ‘चिरागोव आणि इतर विरुद्ध आर्मेनिया’ यात अर्जदार लाचिन जिल्ह्यातले कुर्द विस्थापित होते. लाचिनवर प्रत्यक्ष नियंत्रण आर्मेनियाचं आहे, म्हणून जबाबदारीही त्याची, असं न्यायालयाने ठरवलं. ‘सर्गस्यान विरुद्ध आझरबैजान’ यात अर्जदार शाहुम्यान भागातल्या गुलिस्तान गावचे आर्मेनियन विस्थापित होते. गाव दोन सैन्यांच्या मध्ये, सुरुंगांनी वेढलेलं. आझरबैजान म्हणाला, तिथे आमचं चालत नाही. न्यायालयाने ते ऐकलं नाही. दोन्हीकडे मालमत्तेचा, घराचा आणि दाद मागण्याचा हक्क मोडला गेल्याचा निष्कर्ष निघाला.

काराबाखचा अंतिम दर्जा काय, याचा निर्णय यांपैकी कोणत्याही निकालात करावा लागला नाही. माझ्या दृष्टीने या दोन निकालांतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. शांतता वाटाघाटी चालू आहेत हे दोन्ही सरकारांनी सबब म्हणून पुढे केलं, तेव्हा न्यायालय म्हणालं, वाटाघाटी चालू असल्या तरी तुमची जबाबदारी संपत नाही. तोवर मालमत्तेच्या दाव्यांसाठी सहज पोहोचता येईल अशी, पुराव्याबद्दल लवचीक असलेली यंत्रणा उभारा. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, चिरागोव प्रकरणातल्या प्रत्येक अर्जदाराला ५,००० युरोची भरपाई ठरली आणि सर्गस्यान प्रकरणात वारसांनाही तेवढीच.

पुराव्याबद्दलची लवचीकता ही बारीक बाब वाटेल, पण कामाचा सगळा जीव तिच्यात असतो. सोव्हिएत व्यवस्थेत घराचा ‘टेक्निकल पासपोर्ट’ असे: नकाशा, खोल्यांचं माप, मालकाचं नाव. आपल्याकडे सातबारा हाती नसला की माणूस कचेरीत जसा परका ठरतो, तशीच तिथे या कागदावाचून अवस्था. गोळीबारात पळणारा माणूस कपाटातून तो काढून आणेलच असं नाही. म्हणून विस्थापितांच्या प्रकरणांत शेजाऱ्यांच्या साक्षी, जुनी छायाचित्रं, गावच्या शाळेच्या नोंदी, वीजबिलं, काहीही चालायला हवं. स्ट्रासबर्गने हेच धोरण धरलं. पण ती यंत्रणा कोणी उभारलीच नाही.

का नाही? या वादासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मिन्स्क गटाच्या मध्यस्थीतून २००७ मध्ये जी माद्रिद तत्त्वं आली, त्यांत सगळं होतं: भोवतालचे जिल्हे परत, काराबाखला हंगामी दर्जा, सर्व विस्थापितांना परतण्याचा हक्क, शांतिसेना आणि पुढे कधीतरी लोकांची इच्छा अजमावणारं बंधनकारक मतदान. आराखडा म्हणून तो वाईट नव्हता. पण तो एकत्र बांधलेला होता. दर्जाच्या मुद्द्यावर गाडी अडली की लाचिनच्या कुर्दाचं घर, बाकू सोडून आलेल्या आर्मेनियनाचं घर, बेपत्ता माणसांची चौकशी, सगळंच अडायचं. मधल्या काळात पिढी बदलली.

२०२० चं ४४ दिवसांचं युद्ध आझरबैजानने जिंकलं. १२ डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला, आधी स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणाऱ्या निदर्शकांकडून, मग एप्रिल २०२३ मध्ये चौकी बसवून. २२ फेब्रुवारी २०२३ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशभेदविरोधी करारातल्या खटल्यात आझरबैजानला आदेश दिला, की माणसं, वाहनं आणि माल यांची ये-जा दोन्ही दिशांनी विनाअडथळा होईल यासाठी हाती असलेले सगळे उपाय करा. रस्ता मोकळा झाला नाही. १९ सप्टेंबरला हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी स्थानिक प्रशासनाने शरणागती पत्करली, २४ पासून लोक निघाले. २५ तारखेला पेट्रोलसाठी थांबलेल्या गर्दीत इंधनाच्या साठ्याचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली.

आझरबैजान म्हणतं, लोक स्वेच्छेने गेले, आम्ही कोणाला जा म्हटलं नाही. हा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांकडून नेहमी तपासून घेते. युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या बाबतीत कसोटी घालून दिली आहे: बंदूक रोखून बसमध्ये चढवलं का, एवढंच पाहायचं नसतं; माणसाला राहण्याचा खरा पर्याय होता का, हे पाहायचं असतं. नऊ महिने अन्न, औषध, इंधन यांची टंचाई, मग एका दिवसाचा तोफमारा, आणि १९८८ पासूनचं सगळं आठवत असलेली माणसं. राहण्याचा पर्याय खरा होता असं मी म्हणू शकत नाही.

१७ नोव्हेंबर २०२३ चा हेगचा आदेश म्हणूनच महत्त्वाचा. १९ सप्टेंबरनंतर गेलेल्या आणि परतू इच्छिणाऱ्यांना सुरक्षितपणे, विनाअडथळा, लवकर परतता आलं पाहिजे, असं न्यायालयाने आझरबैजानला बजावलं. लोकांची ओळख, नोंदणी आणि खाजगी मालमत्ता यांची कागदपत्रं जपून ठेवा, असंही सांगितलं. त्या कपाटात राहिलेल्या कागदांचं संरक्षण आंतरराष्ट्रीय न्यायाच्या सर्वोच्च पातळीवरच्या आदेशात आलं, हे मला फार मोठं वाटतं. अंतिम निकाल नाही हा, तात्पुरता आदेश आहे. पण बंधनकारक आहे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वाद मिटलेला नाही, त्याचं रूप बदललं आहे. परतण्याच्या हक्काचा आधार स्वयंनिर्णय नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातलं बारावं कलम म्हणतं, की ‘स्वतःच्या देशात’ येण्याचा हक्क कोणाचाही मनमानीने हिरावता येत नाही, आणि मानवाधिकार समितीने १९९९ मध्ये स्पष्ट केलं, की ‘स्वतःचा देश’ नागरिकत्वापेक्षा व्यापक असू शकतो. काराबाख आझरबैजानचं आहे हे पूर्ण मान्य केलं तरी हा हक्क जागेवर राहतो. उलट मी म्हणेन, ते मान्य केल्यावरच आझरबैजानला उत्तर टाळता येत नाही, कारण मग ही माणसं त्याच्याच भूमीवरची आहेत.

व्यवहारात काय होईल हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी खोटी आशा देणार नाही. किती लोकांना परत जायचं आहे, कोणत्या सुरक्षेत, आझरबैजानी नागरिकत्वाची अट घातली तर किती जण मानतील, शाळा कोणत्या भाषेत असेल, यावर सगळं बदलेल. शिवाय आझरी विस्थापितही तीस वर्षांनी लाचिन, अग्दाम, शुशाला परतत आहेत; त्यांचा हक्क तितकाच खरा आहे आणि त्याला विरोध करणाऱ्या कोणाशी मी सहमत होणार नाही. अडचण तिथे सुरू होते, जिथे एका विस्थापिताला दुसऱ्या विस्थापिताच्या घरात बसवलं जातं. सायप्रसमध्ये हे झालं. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गने म्हटलं, की तुर्कस्तानच्या सैन्याने ताब्यात घेतलेल्या उत्तर भागातल्या आपल्या जमिनीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मालकाची मालकी संपलेली नाही. पण २०१० मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं, की इतक्या वर्षांनी तिथे आज राहणाऱ्याला सरसकट बाहेर काढता येणार नाही आणि भरपाई हाही पुरेसा उपाय असू शकतो. वेळ गेला की घर परत मिळण्याचा हक्क हळूहळू पैशांच्या हक्कात उतरतो. म्हणून नोंदी आजच व्हायला हव्यात.

आर्मेनियात आलेल्यांपुढे आणखी एक पेच आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे आर्मेनियन पासपोर्ट होते, पण सरकारने ते प्रवासाची कागदपत्रं मानून त्यांना तात्पुरतं संरक्षण दिलं. नागरिकत्व वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलं तर परतण्याचा दावा जाईल, या भीतीने अनेक जण थांबतात. ही भीती मला समजते. नवं नागरिकत्व घेतल्यावर निर्वासिताचा दर्जा संपू शकतो, हे खरं. पण घराची मालकी नागरिकत्वाला बांधलेली नसते, आणि परतण्याच्या दाव्याला त्याने थोडी वेगळी वाट घ्यावी लागली तरी तो आपोआप बुडत नाही. घरभाडं, पेन्शन, मुलांचं शिक्षण अडलेलं असेल तर मी कोणालाही दाव्यासाठी नागरिकत्व नाकारून बस असा सल्ला देणार नाही.

शेवटी, या विषयावर लिहिणार असाल तर एक गोष्ट जरूर तपासा. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी ज्या शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या केल्या, त्यात बेपत्ता व्यक्तींबद्दल कलम आहे, पण विस्थापितांच्या परतीबद्दल नाही. उलट दोन्ही देशांनी एकमेकांविरुद्धचे आंतरराष्ट्रीय दावे मागे घ्यायचे आहेत, म्हणजे १७ नोव्हेंबरचा आदेश ज्या खटल्यात निघाला तो खटलाही त्यात येतो. शांतता हवीच, पुन्हा युद्ध कोणालाच नको. पण परतीचं कलम मसुद्यात घालायला हवं होतं, आणि सह्या होण्याआधी ते अजून घालता येईल. स्ट्रासबर्गमधल्या वैयक्तिक तक्रारी मात्र या कलमाने बंद होत नाहीत. त्या सरकारांच्या नाहीत, ज्यांनी अर्ज केले त्यांच्या आहेत, आणि सरकारं आपसांत काहीही ठरवोत, अर्जदाराच्या संमतीवाचून ती तक्रार कोणत्याही मंत्र्याला मागे घेता येत नाही.